एका घराला एक जावई

जगभरच्या दुर्दैवी फुटबॉलपटूंचं तीर्थक्षेत्र आमच्या पार्सिपनीपासून वीस-पंचवीस मैलांवर आहे. ४६ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला निघायचं, पुढे ३ नंबर धरायचा, दोन्हीकडच्या ट्रॅफिकचा यथासांग उद्धार करायचा, की डाव्या हाताला ईस्ट रदरफर्डच्या दलदलीत ते स्टेडियम दिसतं. तिथे खेळणारे अमेरिकन फुटबॉलचे दोन्ही संघ नाव लावतात न्यूयॉर्कचं. जमीन, घाम आणि ट्रॅफिक मात्र न्यू जर्सीचं. विश्वचषकापुरतं त्याचं नाव ‘न्यूयॉर्क न्यू जर्सी स्टेडियम’ ठेवलंय. म्हणजे इतकी वर्षं घर आपलं आणि पाटी शेजाऱ्याची होती, आता निदान शेजाऱ्याच्या नावाखाली आपलंही लागलं. १९ जुलै २०२६ ला इथे अंतिम सामना आहे. अठ्ठेचाळीस संघांपैकी दोन इथवर पोचणार, आणि जागेचा इतिहास बघता त्यातल्या ज्याचा बोलबाला जास्त, तोच रडत घरी जाणार.

इतिहास सांगतो. १० जुलै १९९४. तेव्हा तिथे जुनं जायंट्स स्टेडियम होतं. एका बाजूला जगज्जेता जर्मनी, दुसऱ्या बाजूला बल्गेरिया. बल्गेरियाचा पराक्रम असा की आधीच्या पाच विश्वचषकांत मिळून सोळा सामने खेळून त्यांनी एकही जिंकला नव्हता. जर्मनीने मात्थेउसच्या पेनल्टीवर आघाडी घेतली, आणि जर्मनीने आघाडी घेतली की लोक चपला शोधायला लागतात. पण स्टोइचकोव्हने फ्री किकवर बरोबरी साधली आणि पुढच्या तीन मिनिटांत लेचकोव्ह नावाच्या टक्कल पडलेल्या गृहस्थाने त्याच टकलाने चेंडू जाळ्यात घातला. त्याला हवेत अडवायला कोण होता? टॉमस हेसलर, उंची जेमतेम साडेपाच फूट. धिप्पाड जर्मन तेव्हा कुठे होते कोण जाणे. त्यातला एक तर घरीच पोचला होता. प्रेक्षकांना मधलं बोट दाखवलं म्हणून एफनबर्गला प्रशिक्षक फोग्ट्स यांनी आधीच परत पाठवलं होतं.

दुसरा प्रसंग २६ जून २०१६ चा. शेजारी नवं स्टेडियम बांधून जुनं पाडून झालेलं. कोपा अमेरिकाच्या शताब्दी स्पर्धेची फायनल, अर्जेंटिना विरुद्ध चिली, प्रेक्षक ८२,०२६. एकशे वीस मिनिटांत दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, गोल मात्र शून्य. अर्जेंटिनाच्या हिग्वाइनला समोर एकटा गोलरक्षक होता, त्याने चेंडू बाहेर घालवला. सलग तिसऱ्या फायनलमध्ये त्याने हा नेम पाळला. मग पेनल्टी. चिलीच्या विदालची पहिलीच अडवली गेली. आता पुढे कोण, तर मेस्सी. मेस्सीने चेंडू असा मारला की तो गोलपोस्टवरून थेट प्रेक्षकांत. अर्जेंटिना हरली, ओळीने तिसरी फायनल. त्याच रात्री मेस्सीने देशाकडून खेळणं संपलं म्हणून जाहीर केलं. दीड-दोन महिन्यांत तो परतला ही गोष्ट वेगळी.

आमच्या गल्लीतला कोल्हापूरकर त्या रात्री स्टेडियममध्ये होता. कोल्हापुरात फुटबॉल हा खेळ नसून पेठेची अब्रू असते. पाटाकडील आणि दिलबहार तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते, ती बघून वाढलेला हा माणूस. विश्वचषक आला की तिकडे गल्ल्यागल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तो संस्कार घेऊन तो न्यू जर्सीत आलाय. मेस्सीच्या त्या पेनल्टीचा विषय निघाला की आजही तो उठून उभा राहतो आणि पायाने दाखवतो, कुठे मारायला हवी होती.

आमच्याकडे फुटबॉल तळघरात बघतात. वरच्या मजल्यावर फिकट रंगाचा सोफा असतो, तो पाहुण्यांसाठी. आणि हातात तांबड्या रश्श्याची वाटी घेऊन ओरडणारा माणूस कितीही जवळचा असला तरी त्या सोफ्यापुरता पाहुणा धरला जात नाही. म्हणून खाली. जुना कोच, पिंगपाँगचं टेबल, त्यावर जाळीच्या एका बाजूला चिवडा आणि दुसऱ्या बाजूला नॉर्थ बेव्हरविक रोडवरून आणलेले सामोसे. सध्या विश्वचषकाची पूर्वतयारी म्हणून जुन्या सामन्यांची उजळणी चालू आहे. हजर मंडळी ठरलेली. कोल्हापूरकर, शेजारचा मडगावकर, हायस्कूलमधले आमचे चिरंजीव आणि मिरजेहून आलेल्या माझ्या सासूबाई. उन्हाळा लागला की न्यू जर्सीत आईवडिलांची आवक वाढतेच. यंदा अधिक ज्येष्ठ आलाय, १७ मे ते १५ जून, त्यामुळे आमच्या सासूबाई जावयाचं वाण सामानात घालून मुद्दाम लवकर आल्या. विश्वचषक ११ जूनला सुरू होतो. असे योग वारंवार येत नाहीत.

आमच्या उजळणीत विषय एकच असतो. एवढे गुणी खेळाडू असून हे संघ हरतात का? यात भारत बसत नाही, कारण अपेक्षाभंगाला आधी अपेक्षा लागते. मडगावकर मात्र दर वेळी १९५६ ची मेलबर्न ऑलिंपिक्स काढतो. तिथे मूळच्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि आपण चौथे आलो. त्यावर सगळे आदराने अर्धा मिनिट गप्प बसतात आणि मग इंग्लंडकडे वळतात. हरलेल्यांविषयी आमच्या मनात करुणा आहे. १९ नोव्हेंबर २०२३ ला पहाटे साडेतीनला उठून, ओळीने दहा सामने जिंकलेला आपला क्रिकेटचा संघ अहमदाबादला ऑस्ट्रेलियाकडून हरताना आम्ही याच कोचावर बसून पाहिलाय. तेव्हा ‘कागदावर सगळ्यात बलाढ्य’ म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

कोल्हापूरकराचा सिद्धांत सरळ आहे. “टीम कशाला बघतोस भावा? पहिल्यांदा अध्यक्ष बघ.” त्याच्या मते संघ मैदानावर हरत नाही, कार्यालयात हरतो. पुरावा म्हणून तो अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेची डिसेंबर २०१५ मधली अध्यक्षपदाची निवडणूक सांगतो. मतदार होते पंच्याहत्तर. मोजणी झाली, दोन्ही उमेदवारांना अडतीस-अडतीस मतं. बेरीज शहात्तर. “पंच्याहत्तर माणसं आणि शहात्तर मतं! आपल्याकडंबी एवढं उघड कोण करत न्हाई लेका.” मंडळाच्या निवडणुका पाहिलेल्या आम्हा सर्वांना यातली कारागिरी समजली, फक्त सफाई कमी वाटली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत तो संघ इथे फायनल खेळायला आला, तोही रखडलेल्या विमानातून. मेस्सीने वैतागून इन्स्टाग्रामवर आपल्याच संघटनेला चार शब्द सुनावले होते. फायनलच्या तोंडावर नवरदेवच मांडवावर टीका करतोय म्हटल्यावर अक्षता कशा पडणार?

याच सिद्धांतात घाना बसतो. २०१४ च्या विश्वचषकात घानाच्या खेळाडूंनी मानधन हातात पडल्याशिवाय खेळणार नाही असं सांगितलं. तेव्हा सरकारने तीस लाख डॉलरहून अधिक रोख रक्कम विमानात घालून ब्राझीलला पाठवली. विमानतळापासून पोलिसांच्या गाड्या पुढेमागे. पैसे मिळाल्यावर जॉन बोये नावाच्या बचावपटूने नोटांच्या पुडक्याचं चुंबन घेतलं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगालविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला, स्वतःच्या जाळ्यात. घाना गटातच बाद. सासूबाई म्हणाल्या, “लक्ष्मी अशी तोंडाला लावू नये.” हाही एक सिद्धांतच.

मडगावकराचं म्हणणं वेगळं. त्याच्या घराण्यात पोर्तुगालचा लळा पिढीजात, आणि त्याचं खरं दुःख ४ जुलै २००४ चं. लिस्बनमध्ये, घरच्या मैदानावर, फिगो आणि रुई कोस्टाची सोन्यासारखी पिढी, सोबतीला कोवळा रोनाल्डो, आणि समोर ग्रीस. ग्रीसने त्याआधी मोठ्या स्पर्धेत एक सामनासुद्धा जिंकलेला नव्हता. त्या स्पर्धेत उद्घाटनाच्या सामन्यात त्यांनी पोर्तुगालला हरवलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले अपघात. फायनललाही हरवलं, १-०. एकाच घरात दोनदा चोरी झाली तर तिला अपघात म्हणत नाहीत. मडगावकर म्हणतो, राष्ट्रीय संघ हा संघच नसतो. ही माणसं अकरा महिने क्लबकडून खेळतात, रोज एकमेकांबरोबर पळतात, कोण कुठे वळणार हे न बघता कळतं. देशाकडे ती वर्षातून चार-पाच वेळा, दहा-बारा दिवसांपुरती येतात. त्यात दोन दिवस प्रवास, एक दिवस नव्या गणवेशाचे फोटो. ओळख होईपर्यंत निघायची वेळ. ग्रीसचा प्रशिक्षक ओटो रेहागेल याने या अडचणीवर उपाय काढला. सगळ्यांना एकच गोष्ट शिकवली, मागे उभं राहा. ती दहा दिवसांत येते.

या म्हणण्याला आधार आहे. २०१० च्या फायनलमध्ये स्पेनच्या अकरांतले सहा जण बार्सिलोनाचे होते. पिके, पुयोल, बुस्केट्स, झावी, इनिएस्टा, पेद्रो. त्यांना ओळख करून द्यावीच लागली नाही, ते ऑफिसातल्यासारखे कामाला लागले. तोच स्पेन त्याआधी कित्येक वर्षं मोठ्या अपेक्षा घेऊन जायचा आणि अनेकदा उपांत्यपूर्व फेरीच्या आसपास सामान बांधायचा. १९५० च्या दशकातली हंगेरीही अशीच, निम्मा संघ होनवेद या एका क्लबचा. चार वर्षं हरली नाही. पण १९५४ ची फायनल मात्र ज्या पश्चिम जर्मनीला गटात ८-३ ने चेचलं होतं, त्याच जर्मनीकडून २-० ने पुढे असताना ३-२ ने गमावली. इथे मडगावकर चिवड्याकडे वळतो.

तेव्हा आमचे चिरंजीव तोंड उघडतात. तो इथेच जन्मला, शनिवारी सकाळी उठून आर्सेनल बघतो, त्यामुळे इंग्लंडवर त्याचा जीव. “बाबा, सॅम्पल साइज बघा ना. सात-आठ मॅचेस!” त्याचं म्हणणं, हा सगळा नशिबाचा खेळ आहे आणि तुम्ही लोक उगाच गोष्टी रचता. लीगमध्ये अडतीस सामने असतात, चांगला संघ शेवटी वर येतो. विश्वचषकात एक वाईट संध्याकाळ आणि संपलं. १९३० पासून २०२२ पर्यंत बावीस विश्वचषक झाले, जिंकणारे देश फक्त आठ. बाकी सगळे ‘अपयशी’. सायमन कूपर आणि स्टेफान शिमान्स्की या लेखकांनी लोकसंख्या, पैसा आणि अनुभव यांचा हिशोब मांडून दाखवलंय की इंग्लंड साधारण जेवढं जिंकायला हवं तेवढंच जिंकतं. म्हणजे इंग्लंड कमी पडत नाही, इंग्लंडविषयीच्या अपेक्षा जास्त पडतात. हे ऐकून मला माझ्या वडिलांची आठवण झाली. दहावीच्या निकालाच्या दिवशी हा युक्तिवाद माझ्या हाती असता तर फार बरं झालं असतं.

पण चिरंजीवांच्या हिशोबात पेनल्टी बसत नाहीत. इंग्लंड १९९० मध्ये पश्चिम जर्मनीकडून हरलं, १९९६ मध्ये जर्मनीकडून, १९९८ मध्ये अर्जेंटिनाकडून, २००४ आणि २००६ मध्ये पोर्तुगालकडून, २०१२ मध्ये इटलीकडून. प्रत्येक वेळी पेनल्टीवर. नाणं इतक्या वेळा एकाच बाजूला पडलं तर माणूस नाणं तपासतो. गाइर योर्डेट या नॉर्वेच्या अभ्यासकाने ते तपासलं. त्याला असं दिसलं की मोठ्या नावाजलेल्या संघांतले खेळाडू पेनल्टी घेताना घाई करतात. शिटी वाजली की हे मारून मोकळे. चेंडू ठेवून मागे येताना गोलरक्षकाकडे पाठ करतात. ज्याच्या नावाला वजन जास्त, त्याला ते वजन त्या बारा यार्डांत जाणवतं. १९९६ ला ज्याने पेनल्टी घालवली त्या साउथगेटनेच प्रशिक्षक झाल्यावर खेळाडूंना सांगितलं, जरा थांबा, श्वास घ्या, मग मारा. २०१८ मध्ये इंग्लंडने कोलंबियाला पेनल्टीवर हरवलं. त्यानंतरच्या युरो फायनलमध्ये इटलीकडून पुन्हा हरलं, पण निदान श्वास घेऊन हरलं.

नेदरलँड्सची गोष्ट याहून कठीण. २९ जून २०००, अ‍ॅमस्टरडॅम, युरोची उपांत्य फेरी, समोर इटली. इटलीचा एक खेळाडू पहिल्या अर्ध्यातच बाहेर गेलेला. डचांना चालू सामन्यात दोन पेनल्टी मिळाल्या. एक गोलरक्षक टोल्डोने अडवली, दुसरी खांबावर आदळली. मग सामना संपून पेनल्टीच आल्या. फ्रँक डी बोअरने पहिली घालवली होती, तोच पुन्हा पहिला गेला आणि पुन्हा घालवून आला. एकूण सहांपैकी एक आत. हा सामना आम्ही खाली बघत होतो तेव्हा सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि विचारलं, “जावईबापू, यांच्यात पाणी कोण आणतं?”

मी म्हटलं, “आई, सहायक असतात ना, बाटल्या घेऊन पळत येतात ते.”

“तसं नव्हे हो. हे सगळेच आपापल्या घरचे जावई दिसतात.”

सासूबाईंचा सिद्धांत मी जमेल तसा मांडतो. त्यांच्या सांगण्यात तपशील फार होता आणि त्यातला काही माझ्याविषयी होता. प्रत्येक मोठा खेळाडू आपल्या क्लबात जावई असतो. त्याला हवा तसा पास मिळतो, त्याच्या आवडीच्या जागी तो खेळतो, त्याच्या मागे पळायला दोन माणसं ठेवलेली असतात. ताट वाढून पुढ्यात, चूक झाली तर मीठ कमी पडलं असेल म्हणून स्वयंपाकघरालाच दोष. असा एक जावई घरात आला तर घर उजळतं. अधिक महिन्यात तेहतीस अनारसे त्याच्यासाठी हौसेने तळले जातात. पण देशाचा संघ करताना निवड समिती असे अकरा जावई एकाच घरात बोलावते. अकराही पाटावर बसून राहतात. वाढणार कोण? आणि एकमेकांच्या ताटाकडे प्रत्येकाचं लक्ष.

हा सिद्धांत लावून बघितला तर इंग्लंडची २००२ ते २००६ ची पिढी लख्ख दिसते. जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघेही मिडफिल्डमधून पुढे धावून गोल करणारे. दोघे एकदम पुढे गेल्यावर मागे कोण? या दोघांना जागा करायला पॉल स्कोल्ससारख्या माणसाला डाव्या कडेला सरकवलं, आणि २००४ मध्ये त्याने राम राम ठोकला. पुढे फर्डिनंड, जेरार्ड आणि लॅम्पार्ड एका टीव्ही कार्यक्रमात एकत्र बसले आणि त्यांनी कबूल केलं की तेव्हा मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल आणि चेल्सीवाले एकमेकांपासून फटकूनच असायचे. एकत्र बसायची इच्छा त्यांना निवृत्तीनंतर झाली. तोवर तीन स्पर्धांत तीनदा उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडून झालं होतं आणि युरो २००८ ला तर पात्रताच गेली होती.

रुसव्याचं पूर्ण शास्त्र मात्र फ्रान्सने दाखवलं. २० जून २०१०, दक्षिण आफ्रिकेतलं नायस्ना. प्रशिक्षक डोमेनेक यांना शिवीगाळ केली म्हणून अनेल्काला घरी पाठवलं होतं. सरावाच्या वेळी बाकीचे मैदानावर आले, प्रेक्षकांना सह्या दिल्या, आणि सराव न करता बसमध्ये जाऊन बसले. बसचे पडदे ओढलेले. फिटनेस प्रशिक्षक इतका संतापला की त्याने हातातली वस्तू फेकून दिली. संघाबरोबर आलेल्या संघटनेच्या एका अधिकाऱ्याने तिथल्या तिथे राजीनामा दिला. खेळाडूंनी निषेधाचं पत्रक लिहिलं होतं, पण ते वाचायला बसमधून खाली उतरणार कोण? शेवटी ज्याला शिव्या बसल्यामुळे हे रामायण घडलं, त्या डोमेनेकनेच ते पत्रकारांना वाचून दाखवलं.

“मग रुसवा काढायला कुणी गेलं की नाही?” सासूबाईंनी विचारलं.

गेलं होतं. फ्रान्सच्या क्रीडामंत्री रोझलीन बाशेलो स्वतः जाऊन बोलल्या, आणि ऐकताना खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी आलं असं त्यांनी नंतर सांगितलं. संघ एक गुण घेऊन गटात तळाला राहिला.

विद्वानांनाही सासूबाईंचं म्हणणं साधारण मान्य असावं. २०१४ मध्ये काही संशोधकांनी शोधनिबंध लिहिला की फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये एका मर्यादेनंतर बडे खेळाडू वाढवत नेले तर संघाची कामगिरी खालावते. बेसबॉलमध्ये तसं होत नाही, कारण तिथे प्रत्येकजण आपल्या पाळीला एकटा बॅट घेऊन उभा राहतो आणि दुसऱ्याची फारशी गरज पडत नाही. नंतर इतरांनी त्यांच्या आकडेमोडीवर शंका घेतली. सासूबाईंच्या निष्कर्षावर आमच्या घरात शंका घेण्याची पद्धत नाही.

आता जिंकणारे बघा. २०१६ च्या त्या रात्रीनंतर अर्जेंटिनाने एका पात्रता फेरीत दोनदा प्रशिक्षक बदलला आणि २०१८ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून हरून परतली. मग संघ स्कालोनीकडे दिला. याने त्याआधी कुठल्याही वरिष्ठ संघाचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलं नव्हतं. याला रहदारीसुद्धा सांभाळता येणार नाही, असं मॅराडोना जाहीरपणे म्हणाला. ४६ नंबरच्या रस्त्यावरचे आम्ही जाणतो की ते काम भल्याभल्यांना जमत नाही. स्कालोनीने काय केलं? मोठी नावं कमी केली आणि मेस्सीभोवती अशी पोरं उभी केली की जी लहानपणी मेस्सीची पोस्टरं लावून झोपली असतील. त्यातला डी पॉल मेस्सीच्या वाटचं पळायचा, आणि पळताना खूश असायचा. मेस्सी सामन्यातला बराच वेळ चालतो, हे कुणालाही दिसतं. पण बाकीचे दहा जण त्याबद्दल कुरकुरत नव्हते. घरात जावई एक, बाकी सगळे मुलीकडचे. २०२१ ला ब्राझीलच्या माराकानात कोपा जिंकली, डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये विश्वचषक, तोही पहिला सामना सौदी अरेबियाकडून हरून.

कोल्हापूरकराला हे पटलं. फक्त त्याने दुरुस्ती सुचवली की १९८६ लाही तेच होतं, मॅराडोना एकटा जावई आणि बाकी सगळी वऱ्हाडातली कामाची माणसं.

मडगावकराने मात्र मुद्दा पार पुढे नेला. १० जुलै २०१६, पॅरिस, युरोची फायनल. पंचविसाव्या मिनिटाला रोनाल्डो जायबंदी होऊन स्ट्रेचरवरून बाहेर गेला. पोर्तुगालचं संपलं असं अवघ्या जगाने धरलं. पण जावई आजारी पडल्यावर घर जसं निमूट कामाला लागतं, तसे बाकीचे लागले. जादा वेळेत एडर नावाच्या राखीव खेळाडूने लांबून गोल मारला आणि पोर्तुगाल पहिल्यांदा मोठी स्पर्धा जिंकलं. रोनाल्डो गुडघ्याला पट्टी बांधून रेषेबाहेर लंगडत प्रशिक्षकाच्याही वरच्या आवाजात सूचना देत होता. “आजारी जावई असाच वागतो,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

चिरंजीवांचं नशीब, कोल्हापूरकराचे अध्यक्ष आणि मडगावकराचे दहा दिवस, तिन्ही खरी कारणं आहेत. पण ती सगळ्याच संघांना लागू असतात. तेवढेच दिवस ग्रीसलाही मिळाले होते, आणि पंच्याहत्तरांची शहात्तर मतं मोजणारी परंपरा पुढे विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्याच मागे होती. फरक पडतो तो चेंडू हातचा गेल्यावर. समोरचा संघ चेंडू घेऊन निघाला की जो खेळाडू कमरेवर हात ठेवून सहकाऱ्यांकडे बघत उभा राहतो, तो जावई. टीव्हीवर तो सहसा दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. पण दूरचं दृश्य दाखवतात तेव्हा नीट बघा, हमखास सापडतो.

तेव्हा यंदा कुणाला पाठिंबा द्यायचा हे ठरवताना खेळाडूंच्या किमती वाचू नका, पहिल्या सामन्यात जावई मोजा. एकही नसेल तर त्या संघाला हसू नका, लिस्बन आठवा. एक असेल आणि त्याच्या वाटचं पळणारा कुरकुरत नसेल, तर डोळे मिटून त्याचा झेंडा लावा. दोन असतील तर ते एकमेकांना पास देतात का ते तपासा. तीन किंवा जास्त निघाले, तर संघ कितीही नावाजलेला असो, त्याच्या भरवशावर ईस्ट रदरफर्डचं हजारो डॉलरचं तिकीट काढू नका. घरीच बघा.